सायकलीचा पंचनामा

घाटकोपर पूर्वेला महागडी सायकल तीन ठिकाणी राहते. पंतनगरच्या जुन्या म्हाडा इमारतींत ती जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी गजाला बांधलेली असते. पुनर्विकासातून उठलेल्या टॉवरमध्ये ती पोडियमवर, मोटारीच्या मागच्या भिंतीशी उभी असते. आणि ज्याने तिच्यासाठी दरमहा पैसे बाजूला टाकले, त्याच्या घरी ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली असते. मी सर्वसाधारण विम्याचा सर्व्हेअर आहे. नुकसान झालं की ते किती, कशामुळे झालं आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमात बसतं हे पाहून अहवाल लिहायचा, हे माझं काम. या तीन जागांपैकी सायकल कुठे होती यावर तिचा दावा मंजूर होणार की नाही हे पुष्कळदा ठरतं. मालकाला मात्र ते चोरी झाल्यावर समजतं. ते आधी समजावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ यूएमप्रमाणे ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. आमचे परवाने विभागवार असतात : आग, सागरी, अभियांत्रिकी, मोटार, विविध वगैरे. सायकल मोटारीत येत नाही, ती ‘विविध’मध्ये येते. माझी बरीच वर्षं ठोकलेल्या गाड्या आणि विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांतली जळालेली यंत्रं पाहण्यात गेली. सायकलींच्या फायली टेबलावर यायला लागल्या त्या २०२० नंतर. टाळेबंदीत व्यायामशाळा बंद होत्या, लोकलमध्ये सर्वांना प्रवेश नव्हता, रस्ते मोकळे होते. घाटकोपर, मुलुंड, ठाण्याकडून रविवारी पहाटे लाल दिवे लुकलुकवत पूर्व द्रुतगती महामार्गाने निघणारे सायकलस्वारांचे थवे त्या काळात वाढले. काही जणांचा तो छंद टाळेबंदीबरोबर संपला, काहींचा टिकला. ज्यांचा टिकला त्यांनी पुढची सायकल कार्बन फ्रेमची घेतली. २०२३च्या अर्थसंकल्पात आयात सायकलींवरचं सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झालं. परदेशी बनावटीची चांगली सायकल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, त्याला तेही एक कारण. वापरलेली छोटी मोटार तेवढ्यात येते.

फरक असा, की त्या मोटारीला सरकार ओळखतं. तिच्या फायलीत नोंदणी पुस्तिका असते, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, मागच्या वर्षीची पॉलिसी असते. मोटार वाहन कायदा, १९८८ साध्या सायकलीला लागू होत नाही. नंबरप्लेट नाही, मालकाच्या नावाची कुठे सरकारी नोंद नाही, विमा सक्तीचा नाही. पूर्वी पुण्यात आणि राज्यातल्या अनेक नगरपालिकांत सायकलीवर कर असे. तो भरला की धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीला लावावा लागे. बिल्ल्यापायी लोक कावत, पण त्या बिल्ल्यामुळे कुणाची सायकल कुठली, याची एक नोंद सार्वजनिक दप्तरात राही. तो गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. आज तीन लाखांची सायकल मालकाची आहे याला पुरावा दोनच : दुकानाचं बिल आणि फ्रेम नंबर.

म्हणून कुठल्याही घरी गेलो की माझा पहिला प्रश्न फ्रेम नंबरचा असतो. पायडलचा आस ज्या नळीत बसतो, तिच्या पोटाखाली तो बहुधा कोरलेला असतो. काही कार्बन फ्रेमवर तो रंगाच्या थराखालच्या पट्टीवर छापलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, आणि नवी सायकल घरी आल्यावर उलटी करतो कोण? मालकाला गिअरचं मॉडेल तोंडपाठ असतं, चाकाचं वजन ग्रॅममध्ये माहीत असतं, फोनमध्ये सायकलीचे शेकडो फोटो असतात. समुद्रासमोर, धबधब्यासमोर, घाटमाथ्यावर. त्यांत पोटाखालचा एकही फोटो नसतो. बिलावर दुकानदाराने नंबर लिहिला असेल तर उत्तम, पण कित्येक बिलांवर नुसतं ‘सायकल, १ नग’ आणि खाली रक्कम. मग दुकानदाराकडे जायचं, त्याने घाऊक विक्रेत्याकडून आलेल्या चलनावर नंबर शोधायचा, हमीपत्राची ऑनलाइन नोंद केली होती का ते पाहायचं. चोरीला गेलेल्या वस्तूचा शोध सुरू होण्याआधी, ती वस्तू होती हे सिद्ध करण्यातच काही दिवस निघून जातात.

गारोडियानगरातल्या एका घराचं काम त्यामानाने सोपं गेलं. मुलगा अभियांत्रिकीला, सायकल त्याच्या आईने घेऊन दिलेली. पोडियमवरून ती रात्रीत गेली. आईने ताबडतोब कपाटातून फाइल काढली : नंबर लिहिलेलं बिल, सायकल उलटी करून काढलेला नंबराचा फोटो, कुलपाचं बिल, आणि कापलेलं कुलूप एका पिशवीत बांधून ठेवलेलं. मी विचारलं, “ताई, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?” त्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांची स्कूटर गेली होती एकदा. तेव्हा शिकलो.” त्या कापलेल्या कुलपाचं महत्त्व फार. त्यावरून सायकल कुलूपबंद होती हे कळतं, ते कुलूप कोणत्या दर्जाचं होतं हेही कळतं. तारेचं बारीक कुलूप मोठ्या कातरीने क्षणात तुटतं. जाड पोलादी यू-कुलूप तोडायला ग्राइंडर लागतो, आवाज होतो, ठिणग्या उडतात, चोराला वेळ लागतो. काही पॉलिसींत कुलपाचा प्रकार, आणि ते जमिनीत किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या वस्तूला अडकवलेलं असावं, ही अट लिहिलेली असते. दोन चाकांतून साखळी ओवून नुसती उभी केलेली सायकल उचलून टेम्पोत टाकता येते, म्हणून ती अट.

तो दावा मंजूर झाला. पुढे काही महिन्यांनी त्याच फ्रेम नंबरची सायकल दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना सापडली. आता ती विमा कंपनीची होती, कारण रक्कम घेताना मालक आपले हक्क कंपनीला लिहून देतो. मुलाचा जीव मात्र त्याच सायकलीवर होता. कंपनीशी बोलून त्यांनी रक्कम परत केली, कोर्टातून मुद्देमाल सुपूर्तनाम्यावर सोडवून घेतला आणि सायकल घरी आणली. एका फोटोवर हे सगळं झालं. नंबर नसता तर ती सायकल पोलीस ठाण्याच्या आवारात इतर बेवारस सायकलींबरोबर गंजत पडली असती आणि मालक शेजारच्या रस्त्याने जात-येत राहिला असता.

पंतनगरच्या एका घरी मात्र मला उलटं लिहावं लागलं. गृहस्थ निवृत्त, नातवासाठी सायकल घेतलेली. जिन्याखालची जागा, इमारतीला फाटक नाही, जिन्याला दार नाही. सकाळी पाहतात तो तारेचं कुलूप तुटून पडलेलं, सायकल नाही. त्यांच्याकडे घराचा विमा होता आणि त्यात घरफोडीचा विभागही होता. घरफोडीच्या कलमाची भाषा जुनी आणि काटेकोर आहे : जागेत बळजबरीने, मोडतोड करून प्रवेश झाला पाहिजे किंवा तसं बाहेर पडणं झालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच सांगितलं, की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या जशी लिहिली आहे तशीच ती लागू होईल, फौजदारी कायद्यातल्या चोरीची व्याख्या तिथे आणता येणार नाही. मी जागा पाहिली, फोटो घेतले, तुटलेल्या कुलपाची नोंद केली आणि प्रवेशाला अडवणारं तिथे काहीच नव्हतं, हेही लिहिलं. दावा नामंजूर झाला. ते गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, दार फोडलं नाही म्हणजे चोर पाहुणा झाला का?”

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. माणूस म्हणून तो मला पूर्ण पटतो. अहवाल लिहिताना माझ्यासमोर पॉलिसीचं कलम असतं आणि त्याच्या बाहेर जाऊन मी एक शब्दही लिहू शकत नाही, लिहू नये. सर्व्हेअर कंपनीच्या खिशातून फी घेतो, तरी त्याचा अहवाल कंपनीसाठीही नसतो आणि ग्राहकासाठीही नसतो. तो झालेल्या घटनेसाठी असतो. एका बाजूकडे कललेला अहवाल एका घराचं भलं करील, पण त्यानंतर त्या सर्व्हेअरच्या कुठल्याच कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ज्याचा दावा खरोखर खरा आहे त्याला त्याचा फटका बसेल. मी त्यांना विमा लोकपालांकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही आणि वकील लागत नाही, एवढं समजावून सांगितलं. पण मुळात त्यांना जे कलम हवं होतं ते चोरीचं होतं, आणि विकलं गेलं होतं घरफोडीचं. ही चूक जिन्याखाली घडली नाही. ती पॉलिसी विकताना घडली.

घराच्या विम्याबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देतात. आग, पूर, भूकंप, वादळ यांसाठी ती चांगली आहे. चोरीचा उल्लेख तिच्यात आहे, पण तो अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि आपत्तीनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरता. एरवीची चोरी हवी असेल तर वेगळं कलम घ्यावं लागतं, आणि सायकल घराबाहेर असताना, स्टेशनवर, दुकानापुढे, रस्त्यात संरक्षण हवं असेल तर सायकलीचीच स्वतंत्र पॉलिसी लागते. घाटकोपरला मेट्रो २०१४च्या जूनमध्ये सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनच्या अवतीभवती सायकल बांधून पुढे जाणारेही आहेत. अशी दिवसभर सार्वजनिक जागी सोडलेली सायकल पॉलिसीत किती तासांपर्यंत धरली आहे, हे आधी वाचलं पाहिजे. एजंटने तोंडी ‘सगळं कव्हर आहे’ असं सांगितलं असेल तर ते कुठल्या पानावर लिहिलं आहे, एवढंच त्याला विचारावं.

चोरीनंतरची पहिली पायरी पोलीस ठाणं. तिथे दोन प्रकारचे कागद मिळू शकतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वस्तू हरवल्याचा दाखला चटकन मिळतो. सिमकार्ड किंवा ओळखपत्रासाठी तो पुरतो. सायकल हरवत नाही, ती कुणीतरी नेतो. विम्याला चोरीचा गुन्हा दाखल झालेला लागतो, म्हणजे प्रथम माहिती अहवाल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा पूर्वीचं ३७९ कलम जाऊन ३०३(२) आलं. राहत्या घरातल्या चोरीसाठी ३०५ आहे. तपास होऊन चोर सापडला नाही तर मुंबईत पोलीस ‘ए समरी’चा अहवाल कोर्टात पाठवतात : गुन्हा खरा, पण उलगडा झाला नाही. मोठ्या रकमेच्या दाव्यात कंपन्या त्याची वाट पाहतात, आणि ती वाट लांब असते. लोक कंटाळून पाठपुरावा सोडतात. माझं सांगणं असतं, की पहिल्या दिवशी गुन्ह्याचा क्रमांक घ्या, त्याच दिवशी कंपनीला कळवा, आणि सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण काढून ठेवा, कारण जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कंपनीला कळवायला उशीर झाला तरी सर्व काही संपत नाही. वाहनचोरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात म्हटलं, की गुन्हा तातडीने नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही. तो निकाल मोटारीचा आहे, पण त्यामागचं तर्कशास्त्र दोन चाकांनाही लागू पडतं, असं मला वाटतं.

चोरीपेक्षा नुकसानीच्या फायली मला जास्त शिकवतात. चोरीत पाहायला वस्तूच नसते. नुकसानीत सायकल समोर असते आणि काय घडलं ते तिच्या अंगावर असतं. उजव्या कुशीवर पडलेली सायकल सगळ्या खुणा उजवीकडेच दाखवते : हँडलच्या मुठीचं टोक खरवडलेलं, ब्रेकची मूठ आत वळलेली, पायडलची कड घासलेली, सीटच्या उजव्या बाजूचं आवरण फाटलेलं, आणि मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी आत वाकलेली. या खुणांच्या रेघा एकाच दिशेने जात असतील तर मालकाने सांगितलेली हकीकत आणि सायकलीने सांगितलेली हकीकत जुळते. पण सीटच्या नळीला तडा आहे आणि बाकी अंगावर ओरखडाही नाही, असं असेल तर पडण्याशी त्या तड्याचा संबंध बहुतेक नसतो. तिथला बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा असतो. साध्या पान्याने ताकद लावली की कार्बन चिरतो. ते नुकसान अपघाती आहे की हाताळणीतलं, हे मला स्पष्ट लिहावं लागतं.

कार्बनची पंचाईत अशी, की पोलाद वाकतं, ॲल्युमिनियम चेपतं, कार्बन मात्र आतल्या आत तडकतो आणि वरचा रंग शाबूत राहतो. पडलेल्या फ्रेमवर मी नाणं वाजवत जातो. चांगल्या भागातून टणक आवाज येतो, आतून थर सुटले असतील तिथे तो बद्द होतो. ही केवळ प्राथमिक तपासणी, निर्णायक नव्हे. संशय आला की जाणकाराकडे पाठवायची शिफारस करतो, कारण या सायकलीवर बसून कुणीतरी घाट उतरणार असतं. दुकानदार सरसकट ‘फ्रेम बदला’ म्हणतो, कंपनीला दुरुस्ती हवी असते. कार्बनची दुरुस्ती होऊ शकते, पण तडा कुठे आहे यावर ती किती भरवशाची ते ठरतं. मी दोन्ही अंदाजपत्रकं जोडतो आणि माझं मत कारणासह लिहितो. इथे पैसे वाचवण्याच्या नादात कुणाची मान धोक्यात घालायची नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी कुठल्याही दबावाखाली सोडलेला नाही.

पावसाळ्यात वेगळ्या फायली येतात. लालबहादूर शास्त्री मार्गावर पाणी तुंबतं, तळमजल्यावरच्या जिन्यांत शिरतं. पाण्यात बुडालेली सायकल पुसली की नवी दिसते. गाळ बसलेला असतो तो चाकांच्या तुंब्यात, पायडलच्या आसात आणि हँडलच्या बेअरिंगमध्ये. महिन्याभराने कुरकुर सुरू होते, तेव्हा मालकाला पुराची आठवणही राहिलेली नसते, आणि कंपनी म्हणते ही झीज आहे. झीज कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. म्हणून बुडालेल्या सायकलीचे सांधे त्याच आठवड्यात उघडून पाहावेत, आतल्या गाळाचे फोटो काढावेत. गंजाच्या जुन्या थराचा आणि ताज्या गाळाचा रंग वेगळा असतो, तो फोटोत दिसतो.

एका फायलीने मला सायकलिंगच्या जगाची खरी ओळख करून दिली. घाटकोपरचा एक तरुण नाशिक रस्त्याने २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, गेला होता. परतीच्या वाटेवर खडीवरून चाक घसरलं, फ्रेम आणि पुढचं चाक गेलं. पॉलिसीत शर्यतीतलं नुकसान वगळलेलं होतं. गावोगावी शर्यती होतात, मुंबई-पुण्याच्या सायकल शर्यतीचं नाव तर जुन्या पिढीलाही ठाऊक आहे. तसाच हा प्रकार समजून कंपनीने विचारणा केली. मी त्या प्रकाराचे नियम मागवून वाचले. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४० तास. वाटेत ठरलेल्या ठिकाणी नोंद करायची, वेळेत पोचायचं. पहिला-दुसरा क्रमांक नाही, बक्षीस नाही. पहिला आलेला आणि शेवटच्या मिनिटाला आलेला, दोघांची नोंद एकसारखीच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि पुढे तिथेच स्वतःशी झगडण्याची ही परंपरा रुजली. आज ते १,२०० किलोमीटर ९० तासांत पुरे करायला आपल्याकडचे सायकलस्वारही जातात. मी अहवालात नियमांची प्रत जोडली आणि लिहिलं, की या कार्यक्रमात क्रमवारी लागत नाही, म्हणून पॉलिसीतल्या ‘शर्यत’ या शब्दात तो बसत नाही. दावा मंजूर झाला. ज्या वस्तूचं नुकसान आपण मोजतो, तिचं जग आपल्याला माहीत असायला हवं, हे मी त्या फायलीनंतर माझ्या हाताखालच्या शिकाऊ मुलांना नेहमी सांगतो.

रकमेबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण बहुतेक भांडणं तिथे होतात. समजा सायकल दोन लाखांची आहे आणि प्रीमियम वाचावा म्हणून विमा उतरवला एक लाख वीस हजारांचा. पन्नास हजारांची दुरुस्ती निघाली. पॉलिसीत सरासरीची अट असेल तर मिळतील साठ टक्केच, म्हणजे तीस हजार, आणि त्यातून पॉलिसीत लिहिलेली सुरुवातीची वजावट जाईल. बाकीचे वीस हजार मालकाने स्वतःच्या अंगावर घेतलेले असतात, विमा उतरवला त्याच दिवशी. दुसरी गोष्ट घसाऱ्याची. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसतो, म्हणून वयानुसार काही टक्के कापले जातात. टायर-ट्यूबचं नुकसान सायकलीच्या इतर नुकसानीबरोबर झालं असेल तरच धरायचं, नुसती उपकरणं गेली आणि सायकल राहिली तर उपकरणांचं काही मिळणार नाही, अशी कलमं जुन्या पॉलिसींपासून चालत आलेली आहेत. दिवा, संगणक, बाटलीचा पिंजरा, पॉवर मीटर हे सगळं नंतर विकत घेतलेलं असतं आणि पॉलिसीत चढवलेलं नसतं. पॉवर मीटर एकटाच पन्नास हजारांचा असू शकतो. तो लावला त्या आठवड्यात कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्यावी.

ही ‘जुनी पॉलिसी’ कोणती, ते सांगण्यासारखं आहे. १९७३ सालापासून सर्वसाधारण विमा सरकारी चार कंपन्यांकडे होता. त्यांच्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत आग, घरफोडी, घरगुती उपकरणं अशा विभागांबरोबर ‘पेडल सायकल’ असा एक स्वतंत्र विभाग असे. तो कारकुनाच्या, मास्तरांच्या, गिरणीत जाणाऱ्याच्या काळ्या सायकलीसाठी होता. सायकल ही घरातली जपून ठेवायची मालमत्ता आहे, असं तेव्हा विमा लिहिणाऱ्यांनाही वाटत होतं. आज सायकलीचा विमा म्हटलं की कार्बनची सायकल डोळ्यांसमोर येते आणि काळ्या सायकलीला कुणी विचारत नाही.

आणि घाटकोपरमध्ये त्या काळ्या सायकली अजून आहेत. पहाटे स्टेशनजवळ वर्तमानपत्रांचे गठ्ठे फुटतात तिथे त्या उभ्या असतात. पाववाला, दूधवाला, डोक्यावरून उतरवलेला इडलीचा डबा कॅरिअरला बांधणारा, डबेवाले, यांच्या त्या. त्यांतली एखादी गेली तर तिची किंमत पाच-सहा हजार, पण दुसरी मिळेपर्यंतची कमाई बुडते. नव्या संहितेत पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल परत मिळाला असेल तर चोराला समाजसेवेची शिक्षा आहे. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण किंमत कमी म्हणून तक्रार घ्यायलाही कुणी उत्सुक नसतं, आणि सर्व्हेअर पाठवण्याचा खर्च सायकलीहून जास्त, म्हणून कंपनीही उत्सुक नसते. एकेकट्याचा विमा परवडणार नाही हे मला मान्य आहे. पण वर्तमानपत्र विक्रेत्यांच्या संघटना आहेत, डबेवाल्यांचं मंडळ आहे. सभासदांच्या सगळ्या सायकलींची फ्रेम नंबरासह एक यादी, एक सामूहिक पॉलिसी, आणि चोरी झाल्यावर संघटनेच्या पत्रावर व गुन्ह्याच्या क्रमांकावर ठरावीक रक्कम, असं करता येण्याजोगं आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कुणीतरी बसून ती यादी करायला हवी. अशी यादी करायला कुठली संघटना तयार झाली तर माझ्या सुट्टीचे दिवस मी त्याला देईन.

टॉवरमधल्या कार्बन सायकलीला आणि स्टेशनवरच्या काळ्या सायकलीला एकच गोष्ट कमी पडते, ती म्हणजे ओळख. ती मिळवून देणं अवघड नाही. दुकानदाराने बिलावर फ्रेम नंबर लिहिल्याशिवाय सायकल विकू नये. सोसायटी मोटारींच्या नंबरांची वही ठेवते, त्यातच दोन पानं सायकलींची असावीत, आणि पोडियमच्या भिंतीत किंवा जिन्याखाली चार लोखंडी कड्या पक्क्या बसवाव्यात म्हणजे कुलूप अडकवायला काही तरी मिळेल. पंतनगरात इतक्या इमारती नव्याने उभ्या राहत आहेत, त्यांच्या नकाशात मोटारींचे मजले आखतात, तिथे सायकलींची कुलूपबंद खोली आखायला आत्ताच सांगितलं पाहिजे. कंपनीने कुलपाची अट, जागेची अट आणि तासांची अट मराठीत एका पानावर छापून विक्रीच्या वेळी ग्राहकाच्या हातात द्यावी आणि त्यावर त्याची सही घ्यावी. पोलीस ठाण्यात सायकल चोरीची तक्रार आली तर हरवल्याचा दाखला न देता ती गुन्हा म्हणून लिहून घ्यावी.

सर्व्हेअर सगळ्यांच्या शेवटी पोचतो. तोवर सायकल गेलेली असते, कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलेलं असतं, आणि आधी जे लिहिलं गेलं तेवढंच माझ्या हातात उरतं. दुकानदार, सोसायटी, एजंट, पोलीस आणि मालक या पाच जणांनी आपापल्या वेळी एकेक ओळ नीट लिहिली, तर ‘मालकी सिद्ध होत नाही’ हे वाक्य मला अहवालात फार कमी वेळा लिहावं लागेल. माझ्या कामात इतकं जड वाक्य दुसरं नाही, कारण ते लिहिताना बहुतेक वेळा मला समोर दिसत असतं, की सायकल त्याचीच होती.